ब्याण्णवचे पंच्याहत्तर

परब,

तुम्ही बोलावलंत आणि मी आले नाही. सुरुवात इथूनच करायला हवी, नाहीतर पुढचं काही लिहायला मला तोंड उरणार नाही. आपल्या ऑफिसातले नकाशे काढणारे कुलकर्णी तुमचा निरोप घेऊन माझ्या शाळेत आले होते, मधल्या सुट्टीत. म्हणाले, "परबांची कावीळ उतरत नाही. तुम्हाला एकदा भेटायचंय म्हणतात." मी म्हटलं, "सहामाहीचे पेपर तपासतेय." पेपर होते, खोटं नव्हतं. पण सहामाहीच्या पेपरांना आठवडा लागत नाही. रोज सकाळी ठरवायची की आज शाळा सुटल्यावर जायचं, आणि रोज एक वाक्य मनात तयार व्हायचं. ते तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला तुमच्या खाटेशेजारी बसता आलं नसतं आणि आजारी माणसाला ते ऐकवता आलं नसतं. नवव्या दिवशी कुलकर्णी पुन्हा आले. या खेपेला ते आत आलेच नाहीत, फाटकात टोपी काढून उभे राहिले.

त्याला आज अठरा दिवस झाले. काल रविवारी सकाळी लालबागला तुमच्या चाळीत शोकसभा झाली. तिथं मला बोलायला उभं केलं आणि जे बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही. म्हणून आज लिहितेय.

मी आपल्या बांधकाम कंपनीत लागले तेव्हा माझ्यापाशी दोन गोष्टी होत्या, गणिताची पदवी आणि वडिलांची नाराजी. आमच्या ठाकूरद्वारच्या घरात तीन पिढ्या पुरुषांनी सरकारी कारकुनी केली आणि बायकांनी त्यांचे डबे भरले. वडील म्हणाले, "शाळेत शिकव, कोणी नावं ठेवणार नाही. इंजिनियरांच्या ऑफिसात बाई करणार काय?" खरं सांगायचं तर ऑफिसलाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मला टायपिस्टांच्या रांगेत बसवून टाकलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, माझं टेबल स्वतः ओढत खिडकीशी नेलंत, आपल्या टेबलाला लावलंत आणि हेडक्लार्कना म्हणालात, "या टायपिस्ट नाहीत. या गणक आहेत. यांना उजेड लागतो."

माझ्या कामाला नाव देणारे तुम्ही पहिले. ते मी विसरलेले नाही. विसरले असते तर बाकीचं इतकं लागलं नसतं.

त्याच आठवड्यात तुम्ही मला एका बांधकामावर नेलंत आणि दोन दिवसांपूर्वी भरलेल्या जाड भिंतीवर हात ठेवायला लावलंत. भिंत सावलीत होती, तरी ताप चढलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागली.

"हे उन्हाचं नाही," तुम्ही म्हणालात. "सिमेंटला पाणी लागलं की ते आतून तापतं. भिंत पातळ असली तर ऊब निघून जाते. जाड असली तर आत कोंडते. कुमुदबाई, तुमच्याकडे आंब्याची अढी घालतात?"

"आम्ही आंबे बाजारातनं आणतो."

"म्हणजे तुम्हाला काहीच ठाऊक नाही!" तुम्ही मोठ्यानं हसलात. "आमच्या गावी पेंढ्यात आंबे रचतात. मधे हात घातला तर चांगली धग लागते, आणि कडेचे आंबे गार. मोठ्या काँक्रीटचं तसंच. आतलं फुगतं, बाहेरचं आकसतं, मग तडकतं. कुठल्या दिवशी आत किती तापेल ते आधी सांगता आलं, तर तडकू देणार नाही आपण."

ते आधी सांगायची रीत तुम्हीच शिकवलीत. काँक्रीटच्या ठोकळ्याचे एकेक फुटाचे थर कल्पायचे. एका थराचं अर्ध्या दिवसानंतरचं तापमान म्हणजे त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या आत्ताच्या तापमानाची सरासरी, अधिक तेवढ्या वेळात त्यानं स्वतः निर्माण केलेली उष्णता. एवढंच. बेरीज, भागिले दोन, पुन्हा बेरीज. पण वीस थर आणि तीस दिवस म्हटले की अशा हजारावर बेरजा होतात, आणि एक चुकली की खालच्या सगळ्या चुकतात. आणि सगळ्याच्या मुळाशी पहिला आकडा. काँक्रीट ओतताना किती गरम होतं, तो. तो चुकीचा धरला तर पुढचं गणित कितीही बरोबर करा, उत्तर खोटंच यायचं.

तुम्ही उत्तर पाचाच्या पटीत तोडून सांगायचात, मी चिडायची. "साहेबाला एकशे सत्तेचाळीस फॅरनहाइट म्हटलं तर तो दचकतो," तुम्ही म्हणायचात. "एकशे पंचेचाळीस म्हटलं तर ऐकून घेतो. आकडा शेवटी माणसासाठी असतो, बाई." मी म्हणायची, "मग दचकू दे की साहेबाला. आकड्याला काय ठाऊक समोर कोण बसलंय?" हे भांडण आपण वर्षभर भांडलो, चहा पिताना, ट्रामच्या थांब्यावर, कुठंही. मला वाटायचं की ते दोन अंशांचं भांडण आहे.

मग त्या जानेवारीतला दिवस. मुंबईवर आपला हक्क आहे की नाही यावर शहर पेटलं होतं, ऑफिस दुपारी दीडलाच सोडलं आणि ट्राम बंद. तुम्हाला लालबागला जायचं होतं, म्हणजे अगदी उलट दिशेला. तरी तुम्ही म्हणालात, "चला, ठाकूरद्वारपर्यंत सोडतो." धोबीतलावाच्या पुढं रस्त्यात दगड आणि चपला पडलेल्या, अश्रुधुरानं डोळे उघडत नव्हते. एका हॉटेलच्या माठात तुम्ही रुमाल बुडवून मला दिलात. गल्लीच्या तोंडाशी पोलीस धावत आले तेव्हा मला एका इमारतीच्या दरवाज्यात ढकललंत आणि स्वतः बाहेर राहिलात. लाठी तुमच्या डाव्या हातावर बसली. आवाज मी आतून ऐकला.

घरी आल्यावर वडिलांनी तुमच्या हाताला हळद-तुरटीचा लेप लावला. वडील चळवळीच्या बाजूचे नव्हते. मुंबई सगळ्यांची, असं त्यांचं जुनं मत. तुम्ही त्यांच्याशी तासभर वाद घातलात, तोही लेप सुकेपर्यंत हात आडवा धरून. तुम्ही गेल्यावर वडील म्हणाले, "माणूस खरा आहे." ते सहसा कोणाला असं म्हणत नसत.

पुढच्या महिन्यात तुम्ही सत्याग्रहात पकडले गेलात. भोईवाड्याच्या कोर्टात उभं केलं, तिथं आम्ही ऑफिसातले चौघं आलो होतो. तुमच्याबरोबरच्या लोकांना तीन-तीन महिने झाले. तुम्ही आठव्या दिवशी बाहेर. मोठ्या साहेबांनी वकील दिला होता, कोणाला तरी फोन केला होता. तुम्ही कामावर परतलात तेव्हा मी पेढे आणले होते, तुम्ही एकही खाल्ला नाहीत. म्हणालात, "बाकीचे आत आहेत, बाई." मला वाटलं, तुम्हाला त्यांचं वाईट वाटतंय. वाटत होतंच. पण त्या दिवसापासून साहेबांच्या केबिनमध्ये जाताना तुम्ही दार वाजवायला लागलात. आधी वाजवत नव्हता.

मग रे रोडचं काम आलं. लाकडाच्या वखारींच्या मागं एक नवा कारखाना उभा राहत होता, तिथं लोखंड ठोकायचं एक अवाढव्य यंत्र बसणार होतं. त्याचा पाया म्हणजे साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, वीस फूट खोल असा काँक्रीटचा एकच ठोकळा. आपल्या कंपनीनं एवढं मोठं कधी ओतलं नव्हतं. गणित मी केलं, सोळा दिवस लागले. पाच-पाच फुटांचे चार थर, मधे आठवड्याची विश्रांती, असं केलं तर निभावत होतं. एकदम सगळं ओतलं तर पोटातलं तापमान एकशे एक्कावन्नवर जात होतं, आणि तडा ठरलेला. एप्रिलअखेरची मुंबई, वाळू आणि खडी उन्हात पडलेली, म्हणून पहिला आकडा मी ब्याण्णव धरला होता. तो मी रे रोडला स्वतः जाऊन, दुपारी, ताज्या काँक्रीटच्या घमेल्यात थर्मामीटर घालून घेतला होता.

तुम्ही कागद पाहिलेत. सगळे पाहिलेत, एकेक बेरीज. शेवटी म्हणालात, "एकही चूक नाही." तुमच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

मग तुम्ही साहेबांकडे गेलात आणि बऱ्याच वेळानं आलात. "हरताळ कधी लागेल सांगता येत नाही. मजूर सगळे आमच्या लालबाग-परळचे, मोर्चा निघाला की कोणी थांबणार नाही. साहेब म्हणतात, चार थर काढायला महिना नाही आपल्याकडे. दोन हरताळांच्या मधे एका दमात ओतायचं."

"मग बर्फ घाला," मी म्हटलं. "पाण्याऐवजी बर्फ घातला तर काँक्रीट पंच्याहत्तरवर येईल. पोटात एकशे चौतीस. तरी जास्तच आहे, पण निदान..."

"हो," तुम्ही म्हणालात. "बर्फाचं मी बोललोय."

परब, हे वाक्य मी चार वर्षं पुन्हा पुन्हा ऐकत आलेय. तुम्ही म्हणालात, बोललोय. बर्फ येणार, असं म्हणाला नाहीत. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला.

ओतायच्या चार दिवसांत तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. "पाचशे माणसांच्या गर्दीत कशाला." नंतर आठव्या दिवशी मीच गेले. ठोकळ्यात आपण उभ्या नळ्या सोडल्या होत्या, तेल भरलेल्या. मधल्या नळीत दोरीला बांधलेला थर्मामीटर सोडला, वीस मिनिटं थांबले, वर काढला. एकशे एकोणपन्नास.

आधी मला आनंदच झाला. हसू नका. माझ्या एकशे एक्कावन्नपासून फक्त दोन अंश! मग लक्षात आलं की बर्फ घातला असता तर हा आकडा एकशे चौतीसच्या आसपास यायला हवा होता. शेजारी मुकादम उभा होता. त्याला विचारलं, "बर्फ कधी संपला?"

"बर्फ?" तो म्हणाला. "कसला बर्फ, बाई? सरबत करायचा होता काय?"

ऑफिसात येऊन मी तुम्हाला विचारलं. तुम्ही कागदावरून मान वर केली नाहीत. "बर्फाच्या गाड्या आल्याच नाहीत. हरताळाची हवा होती ना. बघू काय होतं." मी म्हटलं, "बघू काय? तडा जाणार आहे." तुम्ही म्हणालात, "हळू बोला."

सतराव्या दिवशी तडा दिसला. लांब बाजूच्या बरोबर मधे, वरून खाली. आत पोस्टकार्ड शिरत होतं. यंत्र तिकडं बोटीनं येऊन पडलेलं. कारखान्याच्या मालकांनी आपला इंजिनियर पाठवला आणि साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी बसली. मलाही बोलावलं. मला वाटलं, शाबासकी द्यायला. खरंच वाटलं. मी आधीच सांगितलं होतं ना.

त्या इंजिनियरनं आपल्या कंपनीचा अहवाल टेबलावर टाकला. तो अहवाल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तक्ते तुमच्या अक्षरात होते, सुंदर उतरवलेले. अहवालात 'बर्फ' हा शब्द कुठंही नव्हता. पहिल्या ओळीत, काँक्रीट ओततानाचं तापमान, पंच्याहत्तर. खाली उत्तर, एकशे चौतीस, सुरक्षित. आणि त्याच्याही खाली, गणित करणाऱ्याच्या जागी, माझी आद्याक्षरं.

"मुंबईत. मे महिन्यात. पंच्याहत्तर." तो गृहस्थ एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "हे कुठल्या शहाण्यानं धरलं?"

साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वर पंख्याकडे.

"गणित बाईंचं आहे," तुम्ही म्हणालात.

तो गृहस्थ माझ्याकडे वळून हसला. "बाई महाबळेश्वरला राहतात वाटतं."

मी म्हटलं, "मी ब्याण्णव धरलं होतं. माझे मूळ कागद परबांकडे आहेत. आत्ता मागवा." माझा आवाज चढला होता, मला ठाऊक आहे. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं, परब. फार तर दोन. लाठीसमोर हात घालायला तुम्हाला विचार करावा लागला नव्हता. इथं तुम्ही विचार केलात, मी बघत होते, तुमच्या कपाळाची शीर दिसत होती. मग म्हणालात, "मूळ कागद सापडत नाहीत."

राजीनामा मी त्याच दुपारी लिहून दिला. साहेबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. खिडकीशी लावलेलं माझं टेबल रिकामं करताना तुम्ही जागेवर नव्हता.

आठ-दहा दिवसांनी तुम्ही ठाकूरद्वारला आलात. वडिलांना मी काही सांगितलं नव्हतं, फक्त नोकरी सोडली एवढंच. त्यांनी तुमचं स्वागत केलं, तुमचा हात बरा झाला का विचारलं, आणि चहा सांगायला आत गेले. गॅलरीत आपण दोघंच होतो. तुम्ही उभेच राहिलात.

"माझे कागद द्या," मी म्हटलं.

"नाहीत. चुलीत घातले."

खालून ट्राम गेली, ती जाईपर्यंत आपण थांबलो.

"माझ्यावर सात माणसं आहेत, कुमुदबाई. भावाची मुलं धरून. गिरणीतून आलेलं घर आहे आमचं, मी पहिला शिकलेला. साहेबांनी मला तुरुंगातून काढलं तेव्हाच हे ठरल्यासारखं होतं. आणि तुमचं..." तुम्ही घराच्या लाकडी नक्षीकडे, वडिलांच्या आरामखुर्चीकडे पाहिलंत. "तुमचं निभावेल. शाळेत जागा मिळेल तुम्हाला. माझ्या ओळखीनं बघतो."

म्हणजे तुम्ही हेही आधी मोजून ठेवलं होतं. कोणाला किती सोसेल ते. माझ्या वाटणीचा आकडा तुम्ही मला न विचारता धरलात आणि उत्तर काढून मोकळे झालात. मी तुम्हाला दार दाखवलं. वडील चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा गॅलरीत मी एकटीच होते. "परब गेले? चहा न घेता?" ते म्हणाले. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. 'माणूस खरा आहे' हे त्यांचं मत मोडायला मला जीव झाला नाही. बघा, तुमची इभ्रत मीच राखत होते.

शाळेत जागा माझी मी मिळवली, दादरला. मुलींना मी सरासरी शिकवते तेव्हा शेजारचे दोन घ्या, बेरीज करा, असं म्हणते आणि तुमचा आवाज माझ्या तोंडून बाहेर पडतो. ते मला आवडत नाही, पण मुलींना झटकन समजतं. काय करू?

मधे एकदा कुलकर्ण्यांनी सांगितलं, की तुम्ही इंजिनियरांच्या सभेत निबंध वाचलात, मोठ्या काँक्रीटच्या तापमानाचं भाकीत या विषयावर. उदाहरण रे रोडचं होतं, जागेचं नाव न घेता. त्यात पहिला आकडा ब्याण्णव होता, उत्तर एकशे एक्कावन्न होतं, आणि प्रत्यक्ष मोजलेलं एकशे एकोणपन्नास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे कागद चुलीत गेले तरी आकडे तुम्हाला पाठ होते. माझं नाव मात्र पाठ नव्हतं. पहिल्या वेळी तुम्ही घाबरला होता, ते मी एखाद्या दिवशी समजूनही घेतलं असतं. या वेळी तर कोणी तुमच्यावर डोळे वटारलेले नव्हते.

तुम्हाला मी शेवटचं पाहिलं ते राज्य झालं त्या दिवशी. दादरला नुसती माणसंच माणसं, गुलाल, ढोल. शाळेच्या मुलींना घेऊन मी कडेला उभी होते, कोणीतरी तोंडात पेढा कोंबला होता. मिरवणुकीत तुम्ही दिसलात, टोपी तिरकी, नाचताय. कधी नाचताना पाहिलं नव्हतं तुम्हाला. तुम्हीही मला पाहिलंत आणि डावा हात वर केलात. मलाही करावासा वाटला, परब. त्या दिवसासाठी तुम्ही लाठी खाल्ली होती, माझ्या देखत. हात अर्धा उचललाही होता. मग मी वळले आणि एका कापडाच्या दुकानात शिरले, आणि दुकानदार काय दाखवू विचारत राहिला.

आता काल.

चाळीच्या चौकात सतरंज्या घातल्या होत्या. तुमचा फोटो खुर्चीवर. चळवळीतले दोघं बोलले, तुम्ही भोईवाड्याच्या कोर्टात घोषणा दिलीत ते सांगितलं. मग मोठे साहेब उठले. म्हणाले, "परबांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही." माझ्या शेजारी बसलेल्या कुलकर्ण्यांनी खाली बघितलं. म्हणजे कुलकर्ण्यांनाही ठाऊक होतं. किती जणांना ठाऊक होतं, परब?

मग कोणीतरी म्हणालं, "परबांच्या जुन्या सहकारी, आता शिक्षिका आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठले. येताना सगळं ठरवून आले होते. साहेब समोर होते, त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. पण पुढच्या ओळीत तुमची आई बसली होती. चौकशीच्या आधी मी तुमच्याकडे गणपतीला आले होते, तेव्हा तिनं मला घावने वाढले होते. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, डोळे कोरडे. मी म्हटलं, "त्यांनी मला शिकवलं," आणि बसले. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. मी का थांबले ते त्यांना कुठून कळणार?

सभा संपली, माणसं पांगली. मी चपला शोधत होते तर तुमच्या आईनं मागून मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला अजून किती जोर आहे! मला जिन्याखालच्या बाकावर नेऊन बसवलं.

"बोललंस नाय तू," ती म्हणाली.

"काय, आई?"

"ता गणित. माका म्हायत आसा सगळा. कागद चुलीत घालताना मी थयच बसलेलंय. इचारलंय, काय ता? तर रडलो. सांगल्यान माका, त्या बायचा बरोबर होता, मीच आकडो बदललंय."

चार वर्षं मी समजत होते की ही गोष्ट ऑफिसाबाहेर कोणाला ठाऊक नाही. तुम्ही खरं बोललात, परब. ज्या एका माणसाला सांगून माझं काही भलं होणार नव्हतं, नेमकं त्याच माणसाला.

"मी तेका म्हटलंय, जा, सायबाक सांग. तो गेलो नाय. मगे दुसऱ्या वर्साक म्हटलंय, त्या बायच्या पायार डोक्या ठेव. नाय गेलो. माझ्या हातचा जेवायचो, पण माझ्या तोंडाकडे बघूक नाय कधी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "इस्पितळात तुका बोलवल्यान, ता माझ्या सांगण्यान."

"मी आले नाही," मी म्हटलं.

"नाय इलंस."

त्यात तिनं मला दोष दिला नाही, सोडलंही नाही. मला विचारायचं होतं, मी आले असते तर तुम्ही बोलला असता का. पण ते तिलाही ठाऊक नसणार. तुम्हाला तरी ठाऊक होतं का? की मी आल्यावर तुम्ही पुन्हा शाळेची, हवेची, राज्याची गोष्ट काढली असती? मी तुम्हाला ती संधी दिली नाही, हे माझ्याकडून राहिलं. ते मी तुमच्या माथी मारणार नाही.

मग तिनं विचारलं, "माफ केलंस काय गो तेका?"

समोर तिच्या पोटच्या पोराचा फोटो होता, हार अजून ताजा. असल्या ठिकाणी काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "नाही, आई."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

"मीय करूक नाय," ती म्हणाली. मग वर, जिन्याकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "गो, दोन चाय आण खाली. एक बिनसाखरेचो."

चहा आला. आम्ही दोघी त्या बाकावर शेजारी बसून तो प्यालो. माणसं सतरंज्या गुंडाळत होती, कोणीतरी तुमच्या फोटोखालची खुर्ची आत नेली. मी उठायला लागले तेव्हा तिनं पुन्हा माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "पुढल्या आयतवारी ये." मी येते म्हटलं. मी जाणार आहे.